शंकर पुरुषोत्तम आघारकर

हा लेख वनस्पतिशास्त्रज्ञ शं. पु. आघारकर यांच्याविषयी आहे. 'सुधारक'कर्ते गोपाळ गणेश आगरकर हे वेगळे. आघारकरांच्या नावाची पुण्यातील संशोधन संस्था ज्या रस्त्यावर आहे, त्याला गोपाळ गणेश आगरकर यांचे नाव असल्यामुळे या दोन नावांची गल्लत वारंवार होते.

शंकर पुरुषोत्तम आघारकर (१८ नोव्हेंबर १८८४ – २ सप्टेंबर १९६०) हे भारतीय वनस्पतिशास्त्रज्ञ होते. कलकत्ता विद्यापीठात ते वनस्पतिशास्त्राचे घोष प्राध्यापक होते आणि पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी या संस्थेचे (आजची आघारकर संशोधन संस्था) ते संस्थापक-संचालक होते. पश्चिम घाटातील ओढ्यांत गोड्या पाण्यातील जेलीफिश त्यांना आढळला. त्या शोधामुळे तरुण वयातच त्यांचे नाव वैज्ञानिक जगात पोहोचले. बंगालच्या नद्या आणि भातखाचरे व्यापणाऱ्या जलपर्णी या परकीय तणाच्या परागणावर आणि बीजनिर्मितीवर त्यांनी केलेला अभ्यास १९३० साली प्रसिद्ध झाला. या तणाचे कीटकांद्वारे जैविक नियंत्रण करण्याचे प्रयत्न भारतात सुरू झाले ते त्यांच्या निधनानंतर दोन दशकांनी. जो प्रश्न त्यांनी हाताळला होता, तोच त्या प्रयत्नांतही अडचणीचा ठरला.

== जन्म आणि शिक्षण ==

आघारकरांचा जन्म मालवण येथे झाला. आज मालवण सिंधुदुर्ग जिल्ह्यात आहे. हा जिल्हा १९८१ साली वेगळा झाला. त्यापूर्वी बाणकोटपासून रेडीपर्यंतचा सारा किनारा, म्हणजे रत्नागिरी, पावस, राजापूर, देवगड, मालवण, वेंगुर्ले ही सर्व गावे एकाच रत्नागिरी जिल्ह्यात मोडत. म्हणून जुन्या लेखनात आघारकरांचा उल्लेख रत्नागिरी जिल्ह्याचे म्हणून येतो. त्यांचे शालेय शिक्षण धारवाड येथे झाले. पुढे मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात त्यांनी निसर्गविज्ञानाचे उच्च शिक्षण घेतले आणि तेथेच जीवशास्त्र शिकविण्यास सुरुवात केली.

त्या काळी महाविद्यालयातील जीवशास्त्र हे मुख्यतः पुस्तके आणि युरोपातून आलेले नमुने यांच्या आधारे शिकविले जाई. आघारकरांनी सुट्ट्यांत सह्याद्रीत हिंडून वनस्पती व प्राणी गोळा करण्याचा परिपाठ ठेवला. वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक म्हणून पुढे प्रसिद्ध झालेल्या या संशोधकाचा पहिला महत्त्वाचा शोध प्राणिशास्त्रातला आहे, तो या भटकंतीमुळे.

== सातारा जिल्ह्यातील जेलीफिश ==

जेलीफिश हा समुद्रात राहणारा प्राणी. गोड्या पाण्यात राहणाऱ्या त्याच्या जाती जगात मोजक्याच आहेत. त्यांपैकी लिम्नोक्निडा या प्रजातीची ओळख विज्ञानाला झाली ती आफ्रिकेतील टांगानिका सरोवरामुळे, आणि ही प्रजाती आफ्रिकेपुरतीच मर्यादित असल्याचे मानले जात होते. १९११ च्या सुमारास सातारा जिल्ह्यातील कोयना आणि वेण्णा या नद्यांच्या खोऱ्यांत आघारकरांना ओढ्यांच्या डोहांत लहानशा, पारदर्शक छत्रीसारखे प्राणी आढळले. पावसाळ्यापूर्वीच्या महिन्यांत ओढ्यांचा प्रवाह तुटतो आणि पाणी डोहांपुरते उरते, त्या वेळी हे प्राणी दिसत.

नमुने कलकत्त्याच्या इंडियन म्युझियममध्ये गेले. तेथील अधीक्षक नेल्सन अ‍ॅनन्डेल हे गोड्या पाण्यातील प्राण्यांचे जाणकार होते. त्यांनी या प्राण्याचे वर्णन करून त्याला लिम्नोक्निडा इंडिका असे नाव दिले. आघारकरांनी स्वतः या जातीविषयी १९१२ साली लिहिले. म्युझियममधील एफ. एच. ग्रेव्हली यांच्यासह त्यांनी या प्राण्याच्या सवयी आणि आढळ यांवरही लेख प्रसिद्ध केला. 'नेचर' या नियतकालिकाने या शोधाची दखल घेतली.

शोधाचे महत्त्व केवळ नवलाईचे नव्हते. आफ्रिकेतील एका सरोवरात आणि सह्याद्रीच्या ओढ्यात एकाच प्रजातीचे प्राणी कसे आले, हा प्रश्न जीवभूगोलाचा होता. जीव एका प्रदेशातून दुसऱ्या प्रदेशात कोणत्या मार्गाने पोहोचतात आणि तेथे कसे टिकतात, या प्रश्नाने आघारकरांची पुढेही साथ सोडली नाही. बर्लिनमधील त्यांचा प्रबंध आणि बंगालमधील जलपर्णीचा अभ्यास हे दोन्ही त्याच धाग्यातले आहेत.

== घोष प्राध्यापकपद आणि जर्मनीतील वर्षे ==

कलकत्त्याचे विधिज्ञ रासबिहारी घोष यांनी १९१३ साली कलकत्ता विद्यापीठाला मोठी देणगी दिली. या देणगीतून उपयोजित गणित, भौतिकी, रसायन आणि वनस्पतिशास्त्र या विषयांची प्राध्यापकपदे निर्माण झाली. ही पदे भारतीयांसाठीच राखलेली होती. वनस्पतिशास्त्राच्या पदाचा शेतीशी संबंध असावा, अशीही देणगीदाराची अपेक्षा होती. कुलगुरू आशुतोष मुखर्जी यांनी देशभरातून माणसे निवडली. या निवडीत आघारकर हे वनस्पतिशास्त्राचे घोष प्राध्यापक झाले.

प्रत्यक्ष काम सुरू करण्यापूर्वी परदेशात प्रगत अध्ययन करण्यासाठी विद्यापीठाने त्यांना युरोपात पाठविले आणि ते बर्लिनला पोहोचले. आडॉल्फ एंग्लर हे त्या काळी वनस्पतींच्या वर्गीकरणाचे आणि वनस्पतिभूगोलाचे जगातील अग्रगण्य अभ्यासक होते आणि बर्लिनचे वनस्पतिउद्यान व संग्रह त्यांच्या देखरेखीखाली होते. ऑगस्ट १९१४ मध्ये पहिले महायुद्ध सुरू झाले. ब्रिटिश साम्राज्याचे प्रजाजन असल्यामुळे आघारकर जर्मनीच्या दृष्टीने शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले आणि त्यांना स्थानबद्धतेत राहावे लागले. कलकत्त्याच्याच भौतिकीच्या घोष प्राध्यापकपदावर नेमले गेलेले देवेंद्रमोहन बोस हेही त्या वेळी बर्लिनमध्ये अडकून पडले होते. विद्यापीठाच्या नव्या विज्ञान महाविद्यालयाची दोन पदे अशा रीतीने युद्ध संपेपर्यंत शत्रूच्या राजधानीत राहिली.

निर्बंध सैल झाल्यावर आघारकरांनी संशोधन पूर्ण केले आणि १९१९ साली बर्लिन विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविली. त्यांचा प्रबंध जर्मन भाषेत आहे. वायव्य भारतातील कोरड्या, अर्धकोरड्या आणि खारट जमिनीत वाढणाऱ्या वनस्पतींच्या प्रसाराची साधने कोणती आणि त्या वनस्पती मूळच्या कोठल्या, हा त्याचा विषय. एंग्लर यांच्या नियतकालिकातून तो १९२० साली प्रसिद्ध झाला. राजपुताना, सिंध आणि पंजाबच्या वाळवंटी पट्ट्यातील वनस्पती भारतापासून दूर बसून अभ्यासायच्या, तर हाताशी वाळलेले नमुने आणि जुन्या नोंदी एवढेच साहित्य असते. या मर्यादेतच त्यांनी विषयाची निवड केली असावी. बी वाऱ्याने उडते की प्राण्यांच्या अंगाला चिकटते की पाण्याबरोबर वाहते, यावरून एखादी वनस्पती किती दूर जाऊ शकेल आणि ती कोठून आली असेल, याचा माग काढण्याची पद्धत त्यांनी येथे वापरली.

१९२० साली ते भारतात परतले आणि कलकत्त्यात वनस्पतिशास्त्र विभागाची सूत्रे त्यांच्या हाती आली. पुढील सुमारे पाव शतक त्यांनी हा विभाग सांभाळला.

== जलपर्णी ==

=== बंगालवरील संकट ===

आघारकर परतले तेव्हा बंगालमध्ये एका तणाने हाहाकार माजविला होता. मराठीत जलपर्णी किंवा केंदाळ आणि बंगालीत कचुरीपाना या नावांनी ओळखली जाणारी ही तरंगती वनस्पती मूळची दक्षिण अमेरिकेतील अ‍ॅमेझॉन खोऱ्यातील. फिकट जांभळ्या फुलांच्या तुऱ्यासाठी ती एकोणिसाव्या शतकात जगभरच्या बागांत नेली गेली. शतकाच्या अखेरीस ती बंगालमध्ये पोहोचली. बागेतील हौदातून खाडीत, खाडीतून नदीत आणि पुराबरोबर भाताच्या शेतांत ती पसरली.

पूर्व बंगालचे सारे जीवन पाण्यावर चालणारे. बाजार, शाळा, न्यायालय येथे जायचे ते होडीने. ताग वाहून न्यायचा तो होडीने. जलपर्णीचा थर जमला की होडी हलत नसे. पुराच्या पाण्याबरोबर वाढणाऱ्या अमन भातावर हा तरंगता गालिचा चढला की रोपे मोडून पडत. थराखालच्या पाण्यात उजेड आणि प्राणवायू कमी झाल्याने मासे घटत. या वनस्पतीच्या मुळांच्या आधाराने काही जातींच्या डासांच्या अळ्या श्वास घेतात, त्यामुळे रोगराईचीही भर पडे. अनुकूल परिस्थितीत जलपर्णीची संख्या साधारण एक ते दोन आठवड्यांत दुप्पट होते. हाताने काढणारा शेतकरी या वेगापुढे टिकत नसे.

महायुद्धाच्या काळात बंगालमध्ये या तणाला 'जर्मन पाना' म्हणत. ब्रिटिशांचे नुकसान करण्यासाठी जर्मनांनी ते आणले, अशी वदंता होती. वदंता निराधार होती. योगायोग एवढाच, की या वनस्पतीच्या त्या वेळच्या आयकॉर्निया या प्रजातिनामात प्रशियाचे मंत्री आयकॉर्न यांचे नाव होते. (अलीकडच्या वर्गीकरणात ही जात पाँटेडेरिया या प्रजातीत घातली जाते.)

बंगाल सरकारने १९२१ साली जगदीशचंद्र बोस यांच्या अध्यक्षतेखाली जलपर्णी समिती नेमली. तण हाताने काढावे की यंत्राने, रसायन फवारावे की कायदा करावा, यावर पुढची पंधरा वर्षे वाद चालला. १९३६ साली बंगालचा जलपर्णी कायदा झाला आणि जमिनीच्या व पाण्याच्या भोगवटादारांवर आपल्या हद्दीतील तण काढण्याची जबाबदारी आली. १९३७ च्या प्रांतिक निवडणुकीत जलपर्णीचे निर्मूलन हे प्रमुख पक्षांच्या आश्वासनांत होते. एका तणाला निवडणुकीच्या जाहीरनाम्यात असे स्थान मिळाल्याचे दुसरे उदाहरण भारताच्या इतिहासात शोधावे लागेल.

कोकणातील वाचकाला या संकटाची कल्पना सहजी येत नाही. मालवण, पावस किंवा राजापूरच्या नद्या आखूड आणि उताराच्या आहेत. पावसाळ्यात त्या जे असेल ते समुद्रात वाहून नेतात आणि भरतीचे खारे पाणी जलपर्णीला मानवत नाही. सपाट, संथ आणि गोड्या पाण्याच्या बंगालमध्ये या दोन्हींपैकी एकही आडकाठी तिला नव्हती.

=== परागण आणि बीज ===

जलपर्णीच्या वाढीविषयी त्या काळी जे लिहिले जाई, त्याचा भर तिच्या शाकीय वाढीवर असे. मूळ रोपापासून आडवे धुमारे निघतात, त्यांच्या टोकाला नवे रोप येते, ते तुटून वाहत जाते आणि त्यापासून पुन्हा धुमारे फुटतात. हा वेग इतका आहे, की फुलाचे पुढे काय होते याकडे लक्ष देण्याची गरज फारशी कोणाला वाटली नाही. परंतु निर्मूलनाच्या दृष्टीने तोच प्रश्न निर्णायक होता. तण फक्त धुमाऱ्यांनी वाढत असेल, तर एका तळ्यातील सर्व रोपे एकदा काढली की तळे मोकळे झाले. त्याला बी धरत असेल, तर तळे मोकळे दिसले तरी गाळात पुढच्या अनेक वर्षांचे तण शिल्लक असते. सरकारचा पैसा, कायद्याची सक्ती आणि शेतकऱ्याचे श्रम कशाच्या आधारावर खर्च व्हायचे, हे या उत्तरावर अवलंबून होते.

आघारकर आणि त्यांचे सहकारी आय. बॅनर्जी यांनी जलपर्णीच्या परागणाचा आणि बीजनिर्मितीचा अभ्यास केला. १९३० साली 'अ‍ॅग्रिकल्चरल जर्नल ऑफ इंडिया' या नियतकालिकात त्यांचा लेख प्रसिद्ध झाला. शेतीच्या नियतकालिकाची निवड लक्षात घेण्याजोगी आहे. घोष पदाशी जोडलेली शेतीची अपेक्षा येथे पूर्ण झाली आणि लेख शेतीखात्याच्या अधिकाऱ्यांपर्यंत पोहोचला. १९३२ साली ब्रह्मदेशात नैसर्गिक परिस्थितीत बियांपासून उगवलेल्या रोपांची नोंद झाली आणि पुढे सिलोनमध्येही बियांपासून होणाऱ्या प्रसारावर काम झाले. ओरिसात प्राणकृष्ण परिजा यांनी याच तणाच्या शरीरक्रियेचा अभ्यास केला. या विषयावरील आंतरराष्ट्रीय संशोधनात आघारकर आणि बॅनर्जी यांच्या लेखाचा संदर्भ आजही दिला जातो.

जलपर्णीच्या पुनरुत्पादनाचे जे चित्र पुढील दशकांत स्पष्ट झाले, ते असे. किंजलाच्या लांबीनुसार या वनस्पतीची फुले तीन प्रकारची असतात. मूळ प्रदेशाबाहेर मुख्यतः मध्यम किंजलाचा प्रकार पोहोचला आहे. त्यामुळे आणि योग्य परागवाहक कीटक दुर्मीळ असल्यामुळे निसर्गात बीजधारणा कमी होते. तरीही स्वपरागणाने बी धरू शकते. फुले कोमेजली की तुऱ्याचा दांडा वाकून पाण्याखाली जातो, बोंड तेथेच पिकते आणि सूक्ष्म बिया तळाच्या गाळात जाऊन बसतात. त्या पंधरा-वीस वर्षे जिवंत राहू शकतात. उन्हाळ्यात पाणी ओसरून काठचा गाळ उघडा पडला, की उजेड आणि ओल मिळून त्या उगवतात. पावसाळ्यात पाणी चढले की रोपे सुटून तरंगू लागतात. दख्खनमधील तलाव आणि धरणांचे जलाशय यांत पाण्याची पातळी दर वर्षी अशीच खाली-वर होते.

आघारकरांच्या चरित्रांत जेलीफिशच्या शोधाला जेवढी जागा मिळते, तेवढी या कामाला मिळत नाही. समाजाच्या दृष्टीने पाहता जलपर्णीवरील काम अधिक मोलाचे मानावे लागते.

== कीटकांद्वारे नियंत्रण : नंतरचा काळ ==

परकीय तणाला त्याच्या मूळ देशातील कीटकाने आवर घालण्याची कल्पना आघारकरांच्या काळात भारताला अपरिचित नव्हती. १७९५ साली ब्राझीलमधून लाल रंगासाठी आणलेला कोचिनील कीटक अपेक्षित जातीचा निघाला नाही, रंगाच्या धंद्याला उपयोगी पडला नाही आणि निवडुंगाच्या एका जातीचा मात्र त्याने फडशा पाडला. १९२६ साली सिलोनमार्गे आणलेल्या दुसऱ्या जातीच्या कोचिनील कीटकाने दक्षिण भारतातील फड्या निवडुंगाचा बंदोबस्त केला. जलपर्णीच्या बाबतीत मात्र असा कीटक हाती नव्हता. बंगालच्या सर्व मोहिमा हात, होडी आणि बांबू यांच्या बळावर चालल्या.

दक्षिण अमेरिकेत जलपर्णीवर उपजीविका करणारे निओकेटिना प्रजातीचे दोन सोंडकिडे, आयकॉर्निई आणि ब्रुकी, यांचा अभ्यास १९६० नंतर झाला. एखादा परका कीटक सोडण्यापूर्वी तो पिकांवर आणि स्थानिक वनस्पतींवर जगतो का, हे तपासावे लागते. हे सोंडकिडे जलपर्णी सोडून अन्यत्र वंश वाढवू शकत नाहीत, अशी खात्री झाल्यावर १९७२ पासून ते अमेरिकेतील फ्लोरिडात सोडले गेले. भारतात बंगळूरजवळील हेसरघट्टा येथील भारतीय बागायती संशोधन संस्थेने ते अमेरिकेतून आणले. चाचण्यांनंतर पहिली जात १९८३ साली आणि दुसरी १९८४ साली सोडण्यात आली. जलपर्णीच्या पानात बोगदे करणारी एक कोळ्यांच्या वर्गातील सूक्ष्म जातीही नंतर त्यांच्या जोडीला आली.

सोंडकिडा जेमतेम पाच मिलिमीटर लांबीचा असतो. प्रौढ कीटक रात्री पाने खरवडतो आणि पानावर लहान चौकोनी डाग पडतात. खरे नुकसान अळी करते. मादी फुगीर देठात अंडी घालते. अळी देठातून पोखरत खाली खोडाच्या गाभ्यापर्यंत जाते. पोखरलेल्या देठांत पाणी शिरते, सडणे सुरू होते आणि रोप हळूहळू बुडू लागते. अळी शेवटी पाण्याखालच्या मुळांवर केसमुळांचा कोश करून त्यात राहते. एक पिढी पूर्ण होण्यास साधारण तीन महिने लागतात. म्हणून सोंडकिडे सोडल्यावर परिणाम दिसण्यास दोन-तीन वर्षे थांबावे लागते. बंगळूर परिसरातील मोठ्या तलावांत आणि मणिपूरच्या लोकटाक सरोवरात या पद्धतीने तणाचा विस्तार ठळकपणे घटला. याच सुमारास केरळमधील कुट्टनाडच्या पाणथळ भागात साल्व्हिनिया या तरंगत्या नेच्यावर सोडलेल्या दुसऱ्या सोंडकिड्याने अधिक जलद यश दिले. साल्व्हिनियाची ती जात वंध्य आहे. ती बीजाणूंनी वाढत नाही, केवळ तुकड्यांनी वाढते. त्यामुळे तिच्या मागे गाळात काही उरत नाही.

जलपर्णीचे तसे नाही. सोंडकिडा पान, देठ आणि गाभा खातो. गाळातील बियांना तो स्पर्श करीत नाही. कीटकांनी तण नष्ट केले की कीटकांचीही उपासमार होऊन संख्या घटते आणि पुढच्या उन्हाळ्यात गाळातून नवी रोपे उगवतात. सोंडकिड्यांची थोडीफार वस्ती टिकली असेल तरच ही नवी पिढी आटोक्यात राहते. वनस्पतीची बीजनिर्मिती समजल्याशिवाय तिच्या शत्रूचा उपयोग ठरविता येत नाही, हे येथे दिसते.

महाराष्ट्रात या पद्धतीचा उपयोग मर्यादित राहिला आहे. मुळा, मुठा, पवना, इंद्रायणी, पंचगंगा यांसारख्या नद्यांना पावसाळ्यात पूर येतो आणि जलपर्णीबरोबर तिच्यावरील सोंडकिडेही खाली वाहून जातात. हिवाळ्यात सांडपाण्यावर पोसलेले तण कीटकांच्या वाढीपेक्षा वेगाने पसरते. उन्हाळ्यात यंत्रांनी तण काढले जाते, तेव्हा त्यातील अंडी, अळ्या आणि कोशही काठावर पडून वाळतात. स्थिर पाण्याचे तलाव या कीटकांना अधिक अनुकूल असतात. नदीत सांडपाणी सोडणे थांबल्याखेरीज कोणताही कीटक पुरा पडणार नाही, हे मत या क्षेत्रात सर्वसामान्य आहे.

== वैज्ञानिक संस्थांतील कार्य ==

कलकत्त्यातील वास्तव्यात आघारकर इंडियन सायन्स काँग्रेसचे सरचिटणीस होते. १९३५ साली स्थापन झालेल्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सेस ऑफ इंडिया (आजची भारतीय राष्ट्रीय विज्ञान अकादमी) या संस्थेच्या संस्थापक फेलोंमध्ये त्यांचा समावेश होतो. भारतीय वनस्पतिशास्त्र परिषदेच्या सुरुवातीच्या काळातही त्यांचा सहभाग होता.

== महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी ==

१९४६ साली आघारकर कलकत्ता विद्यापीठातून निवृत्त झाले. त्याच वर्षी पुण्यात इंडियन लॉ सोसायटीच्या सदस्यांच्या पुढाकाराने 'महाराष्ट्र असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स' या संस्थेची स्थापना झाली. महेंद्रलाल सरकार यांनी १८७६ साली कलकत्त्यात काढलेली 'इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स' ही संस्था तिचा आदर्श होती. लोकांच्या देणग्यांतून उभ्या राहिलेल्या त्या संस्थेत चंद्रशेखर वेंकट रामन यांनी प्रकाशाच्या विकिरणाचा शोध लावला होता आणि आघारकरांनी ते दिवस कलकत्त्यातून पाहिले होते. नव्या संस्थेचे संचालकपद त्यांनी स्वीकारले ते मानद म्हणून, आणि अखेरपर्यंत तसेच सांभाळले.

पुण्यात तेव्हा विद्यापीठ नव्हते. पुणे विद्यापीठ १९४९ साली आणि राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा त्यानंतर आली. सरकारी अनुदानाची खात्री नसलेल्या, इमारत आणि उपकरणे तोकडी असलेल्या संस्थेत वयाच्या बासष्टाव्या वर्षी नव्याने सुरुवात करणे सोपे नव्हते. कवकशास्त्रज्ञ एम. एन. कामत यांच्यासारखे अभ्यासक संस्थेत आले आणि बुरशींच्या वर्गीकरणाचे काम येथे रुजले. महाराष्ट्रातील वनस्पतींचे नमुने जमविण्याचे काम संस्थेने हाती घेतले. त्यातून उभा राहिलेला वनस्पतिसंग्रह आज आघारकरांच्या नावाने ओळखला जातो आणि जगभरच्या संग्रहांच्या सूचीत तो ए. एच. एम. ए. या संक्षेपाने नोंदलेला आहे.

आघारकरांच्या अखेरच्या वर्षांत पुण्यातच आणखी एका परकीय तणाची पहिली नोंद झाली. अमेरिका खंडातून आलेले गाजरगवत १९५० नंतरच्या दशकाच्या मध्यास पुण्यात आढळल्याचे १९५६ साली प्रसिद्ध झाले आणि काही दशकांत ते देशभर पसरले. त्यावरही १९८४ पासून मेक्सिकोतील एक भुंगेरा सोडण्यात आला. पावसाळ्यात गाजरगवताची पाने कुरतडणारा हा पांढुरका, काळ्या रेघांचा भुंगेरा आता महाराष्ट्रात सर्वत्र दिसतो.

२ सप्टेंबर १९६० रोजी वयाच्या ७५ व्या वर्षी आघारकरांचे निधन झाले. १९६६ पासून संस्थेला केंद्र सरकारचे नियमित अनुदान मिळू लागले आणि पुढे ती विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या अखत्यारीतील स्वायत्त संस्था झाली. गहू, सोयाबीन आणि द्राक्ष यांच्या सुधारित वाणांसाठी ती शेतकऱ्यांना परिचित आहे. गव्हाच्या आणि सोयाबीनच्या वाणांच्या नावांपुढे लागणारी 'एम. ए. सी. एस.' ही अक्षरे मूळ संस्थेच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे आहेत. १९९२ साली संस्थेचे नाव आघारकर संशोधन संस्था असे करण्यात आले.